आजारानंतरचे पांगळेपण

ताप उतरला, पोट बरे झाले, की दुखणे संपले असे आपण मानतो. एका व्याधीचा आरंभ मात्र त्यानंतरच होतो. काही दिवसांनी पायांना मुंग्या येतात, त्यांतील बळ जाते आणि ती दुर्बलता हातांपर्यंत, क्वचित श्वासापर्यंत चढते.

या चढत्या पक्षाघाताचे वर्णन फ्रान्समधील लांद्री या वैद्याने १८५९ साली केले. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, गियाँ, बारे आणि स्त्रोल यांनी अशाच दोन सैनिकांना तपासले. त्यांच्या पाठीच्या कण्यातील द्रवात प्रथिने वाढली होती, पेशी मात्र वाढल्या नव्हत्या. पोलिओहून हे दुखणे निराळे, हे ओळखण्याची खूण त्यामुळे हाती आली. विशेष हे, की दोघेही सैनिक सुधारले.

कारण मागाहून उलगडले. जंतूंशी झुंजताना शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. रखवालदाराने घरधन्यावरच काठी उगारावी, तसा हा प्रकार. २०१३-१४ साली फ्रेंच पॉलिनेशियात झिका विषाणूच्या साथीमागून ही व्याधी आली. तोच विषाणू २०१८ साली आमच्या भोपाळच्या परिसरातही आढळला. २०२५ च्या आरंभी पुणे परिसरात, विशेषतः सिंहगड रस्ता, नांदेड गाव व किरकटवाडी या भागांत, या व्याधीचे, म्हणजे ‘जीबीएस’चे, दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू, तर काहींत नोरोव्हायरस हा विषाणू सापडला. संशय दूषित पाण्यावर गेला.

रक्तद्रव बदलण्याचा उपचार १९८५ च्या सुमारास आणि इम्युनोग्लोब्युलिनचा १९९२ साली उपयुक्त ठरला. श्वास थांबू लागल्यास यंत्राचा आधार मिळतो. बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात. पण त्याला महिने लागतात, आणि काहींची दुर्बलता व थकवा मागे उरतो.

खरा प्रश्न येथेच आहे. चालता येणे म्हणजे कामावर परतणे नव्हे. मंडीदीपसारख्या कारखान्यांच्या गावी ज्याची उपजीविका हाताच्या पकडीवर आहे, त्याला रुग्णालय ‘बरा’ म्हणते आणि यंत्र ‘अपुरा’ ठरवते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हालचालींच्या अपंगत्वाला स्थान आहे. सुधारणेचा संभव असल्यास मुदतीचे प्रमाणपत्रही मिळू शकते. ते मिळवून देणे, व्यायामोपचार चालू ठेवणे आणि त्याचे काम राखून ठेवणे, हे उपचाराचेच उत्तरार्ध होत. मज्जातंतू सावकाश सावरतात. तेवढा अवधी त्या माणसाला देणे समाजाच्या हाती आहे.