संगणकात मराठी बसवणे

महाराष्ट्रातल्या अनेक संगणकांवर मराठी प्रथम सीडीतून आली नाही, ती कार्डातून आली. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट तंत्र संगणकाच्या स्लॉटमध्ये कार्ड म्हणून बसे. विंडोज रुळल्यावर सी-डॅकचे आयएसएम आणि मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी अशी पॅकेजे डीटीपीच्या दुकानांत व कचेऱ्यांत पोहोचली.

त्यांतली काही पॅकेजे प्रिंटरच्या पोर्टला डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावल्याशिवाय सुरूच होत नसत. विंडोज ९८मध्ये प्रोग्रॅम त्या पोर्टशी थेट बोलू शके; विंडोज एक्सपीने ती मुभा काढली. त्यामुळे तीच सीडी, तोच डोंगल, सेटअपही शेवटपर्यंत गेलेला, आणि तरी 'डोंगल सापडत नाही' असा संदेश. उपाय एकच: डोंगलचा वेगळा ड्रायव्हर टाकणे. दुसरी अडचण फॉन्टची. प्रत्येक कंपनीने अक्षरांना आपापले क्रमांक दिले होते. फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर रोमन अक्षरांचा कचरा होऊन उघडे.

युनिकोडने १९९१ साली देवनागरीला सामायिक क्रमांक दिले. विंडोज २०००सोबत मंगल फॉन्ट आला. एक्सपीतही मराठी अक्षरजोडणीची सोय होती, पण मुळात बंद. त्यातून होणारा बिघाड ओळखायला गावाचा पत्ताच पुरे. उदाहरणार्थ, जऊळका हे मालेगाव तालुक्यातले, वाशिम जिल्ह्यातले गाव. फॉन्टच नसेल तर सगळ्या पत्त्याचे चौकोन होत. फॉन्ट दुसऱ्या पॅकेजबरोबर आलेला, पण अक्षरजोडणी बंद असेल, तर 'जऊळका' अगदी बिनचूक दिसे, कारण त्यात जोडाक्षर नाही की पहिली वेलांटी नाही. 'वाशिम'ची वेलांटी मात्र श च्या मागे जाऊन पडे आणि 'जिल्हा'मधला ल हलन्त घेऊन सुटा उभा राही. नुसते गावाचे नाव टाइप करून 'मराठी चालते' म्हणणारा इथे हमखास फसे.

दुरुस्ती कंट्रोल पॅनलमधल्या भाषांच्या पानावर होती. तिथे जटिल लिपींच्या चौकटीत टिक केली की एक्सपीची मूळ सीडी मागितली जाई. खरा खोळंबा इथेच. दुकानदाराने सीडी दिलेली नसे किंवा ती चरे पडून वाचली जात नसे. जाणकार मग आय-३८६ हे फोल्डर दुसऱ्या संगणकावरून उचलून आणत आणि सेटअपला त्याचा पत्ता देत. या साध्या कौशल्यावर कितीतरी कचेऱ्यांचे मराठी काम उभे राहिले. त्याची नोंद व्हायला हवी.

ग्रामपंचायतींत २०११पासून संगणक असलेली संग्राम केंद्रे आली. त्याआधीच, २००७च्या व्हिस्टापासून, अक्षरजोडणी आपोआप सुरू राहू लागली होती. तरी तक्रारी संपल्या नाहीत. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. जुन्या मंगलमध्ये ते नसल्याने 'ॲप'मधल्या ॲ च्या जागी चौकोन दिसे. चौसष्ट बिटी विंडोजने जुने बत्तीस बिटी ड्रायव्हर नाकारले आणि अनेक डोंगल निरुपयोगी झाले. एक्सपीचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ रोजी थांबला. जुन्या फॉन्टांत टाइप केलेली कागदपत्रे मात्र नव्या इन्स्टॉलेशनने सुधारत नाहीत. ती कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणून, रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावी लागतात.