शाळा तीच, राज्य दुसरं

भंडाऱ्याच्या गुरुजींनी राज्य बदललं ते घर न सोडता. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत साकोलीच्या शाळेतला मास्तर मध्य प्रदेशाचा होता. दुसऱ्या दिवशी, दिवाळी तोंडावर असताना, तो मुंबई राज्याचा झाला. १ मे १९६० ला महाराष्ट्राचा. फळा तोच, पोरंही तीच. राजधानी मात्र शंभरेक किलोमीटरवरच्या नागपुरातून उठून थेट मुंबईला गेली.

राज्य पुनर्रचना कायद्याने विदर्भाचे आठ जिल्हे असे एका रात्रीत हलवले. आपण आजही त्याची चर्चा नेत्यांच्या आणि नागपूर कराराच्या अंगाने करतो. मला प्रश्न पडतो तो मास्तरांचा. जुन्या राज्यातलं प्रशिक्षण, पगाराची श्रेणी, ज्येष्ठता नवं सरकार मानणार का?

सरकारी नोकरांपुरतं उत्तर कायद्यातच होतं. कलम ११५ म्हणतं की केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय त्यांच्या सेवाशर्ती त्यांचं नुकसान होईल अशा बदलता येणार नाहीत. या एका वाक्यावर पुढे देशभर वर्षानुवर्षं खटले चालले, कारण दोन राज्यांच्या ज्येष्ठता याद्या एकत्र करणं म्हणजे कोणाला तरी खाली ढकलणंच.

पण खेड्यातला प्राथमिक शिक्षक बहुधा सरकारचा नोकर नव्हताच. १९४८ च्या कायद्याने मध्य प्रांतात तहसिलीगणिक जनपद सभा आल्या होत्या. पश्चिम महाराष्ट्रात तेव्हा स्कूल बोर्डाचा कारभार होता. म्हणजे एकाच राज्यात एकाच कामाचे दोन वेगळे मालक! हा घोळ निस्तरला तो १९६२ साली जिल्हा परिषदा आल्यावर. परीक्षा मंडळ एक व्हायला तर १९६६ उजाडलं.

या सगळ्यात उर्दू शाळेच्या मास्तरांसाठी एक गोष्ट घडली, तिची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढत नाही. त्याच १ नोव्हेंबरला सातवी घटनादुरुस्ती अमलात आली आणि राज्यघटनेत कलम ३५०-क आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळेल अशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असं ते सांगतं. सीमा भाषेवर आखल्या तर प्रत्येक सीमेच्या आत दुसऱ्या भाषेचं कोणी ना कोणी उरणार, हे करणाऱ्यांना ठाऊक होतं. 'प्रयत्न करावा' हे शब्द मात्र मऊ आहेत. शिक्षकाचं पद मंजूर होणं आणि ते भरलं जाणं यातलं अंतर उर्दू शाळांच्या पालकांना विचारा.

आता आजचं पाहा. शिक्षक पात्रता परीक्षा २०१० नंतर आली. केंद्राची सीटीईटी अनेक राज्यांत चालते, पण राज्याची टीईटी त्या त्या राज्यापुरतीच. तुमसरची मुलगी महाटीईटी पास होऊन लग्नानंतर बालाघाटला गेली, तर तिथल्या सरकारी शाळेसाठी तिला पुन्हा परीक्षेला बसावं लागतं. मधे फक्त बावनथडी नदी. बालाघाट जिल्हा मुळात इंग्रजांनी १८६७ साली बनवायला घेतला तो भंडारा, मंडला आणि सिवनीचेच तुकडे जोडून.