सैल तारांचे संगीत

हवाई बेटांवर गिटार पोहोचली ती गुरांच्या पाठोपाठ. १७९३ साली कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हर याने राजा पहिला कामेहामेहा यास गुरे भेट दिली. राजाने त्यांच्या हत्येस बंदी घातली. कळप माजले आणि शेते तुडवू लागले. तेव्हा १८३०च्या दशकात तिसऱ्या कामेहामेहाने मेक्सिकोच्या ताब्यातील कॅलिफोर्नियातून घोडेस्वार गुराखी बोलावले. परंपरा सांगते की, त्यांच्या खोगिराबरोबर गिटारी आल्या. गुराखी परतले, वाद्ये मात्र मागे राहिली.

बेटांवरील लोकांनी ती आपल्या गाण्याच्या मापाने जुळवून घेतली. या पद्धतीचे नाव ‘की होआलू’, म्हणजे खुंटी सैल करणे. नेहमीच्या जुळणीतील पहिली, पाचवी व सहावी तार एकेक स्वराने उतरविली की जाड तारेकडून बारीक तारेकडे प-सा-प-सा-ग-प अशी रचना होते. डाव्या हाताचे बोट न लावताही सहा तारा सुसंवादी वाजतात. अंगठा खर्जाचा ठेका धरतो, इतर बोटे गीताची चाल उमटवितात आणि एकटा वादक गायकाला पुरेशी साथ देतो. यातच तिसरी तार अर्ध्या स्वराने उतरविली की षड्जाच्या जागी शुद्ध निषाद येतो. या जातीच्या जुळणीस ‘वाहिने’, म्हणजे स्त्री, असे नाव आहे.

१८९३ साली राणी लिलिउओकलानी पदच्युत झाली. १८९६च्या कायद्याने शाळांतून इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरले. मुलांच्या तोंडची मातृभाषा ओसरू लागली, तशी त्या भाषेतील गाणीही. जुळण्या तर कुटुंबाची गुप्त ठेव मानल्या जात. परक्याच्या हाती गिटार देण्यापूर्वी काही वादक तारा ढिल्या करीत. ठेव सुरक्षित राहिली खरी. परंतु वारस नसलेल्या घरी ती वादकाबरोबरच मातीआड होण्याची भीती होती. जमिनीत पुरलेल्या ठेवीचा प्रभू येशूने सांगितलेला दाखला येथे सहज आठवतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर गॅबी पाहिनुई (१९२१–१९८०) यांच्या ध्वनिमुद्रिकांनी ही कला घराबाहेर आणली. १९७३ साली केओला बीमर यांनी तिचे शिक्षणपुस्तक प्रसिद्ध केले. १९७८ साली हवाईयन भाषेस इंग्रजीबरोबर राज्यभाषेचा मान मिळाला. ज्या पिढीला आजोबांची भाषा शाळेत मिळाली नाही, तिला त्यांची गाणी या सैल तारांवर पुन्हा ऐकता आली.