कोबो हॉल : नाव कुणाचं, घरं कुणाची

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात, नदीकाठी, ऐन मध्यवस्तीत एक अवाढव्य अधिवेशन-भवन आहे. १९६० साली ते उघडलं. जिफल्स आणि रोझेटी कंपनीनं आराखडा केला. मोटारींचं शहर, म्हणून भवनही मोटारींच्या सोयीचं : पोटाखालून हमरस्ता जातो, गाड्या लावायच्या थेट छतावर, आणि वर चढायला गोल फिरत जाणारा रस्ता. शेजारी गोल सभागृह. १९८९ साली वाढवलं. आज प्रदर्शनाचीच जागा सात लाख चौरस फुटांवर आहे.

नाव दिलं कोबो हॉल. हा कोबो कोण?

अल्बर्ट कोबो, १९५० ते १९५७ शहराचा महापौर. गोऱ्यांच्या वस्त्यांत सरकारी घरं, म्हणजे काळे शेजारी, येऊ देणार नाही, या बोलीवर निवडून आला. खुर्चीत बसला आणि तशा योजनाच रद्द केल्या. हॉलपासून पूर्वेला ब्लॅक बॉटम ही काळ्यांची वस्ती होती. नाव पडलं ते तिथल्या काळ्या मातीवरनं. दुसरीकडं कुणी घर देत नव्हतं, म्हणून माणसं तिथं दाटीनं राहायची. मग त्याच दाटीला नगरपालिका म्हणाली, ही गलिच्छ वस्ती. घातला बुलडोझर. हजारो माणसं उठवली. जागा मोकळी केली ती वर्षानुवर्षं तशीच पडून, रानगवत माजलेली. हेस्टिंग्ज स्ट्रीटवरची दुकानं, गाण्याचे अड्डे हमरस्त्यानं गिळले.

आता हे बघा. २३ जून १९६३. लाखावर माणसं वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरनं चालत कोबो हॉलवर आली. मार्टिन ल्यूथर किंग त्या गोल सभागृहात आपल्या स्वप्नाबद्दल बोलले. वॉशिंग्टनचं गाजलेलं भाषण त्यानंतर दोन महिन्यांनी झालं. ज्यानं घरं पाडली त्याच्याच नावाच्या छपराखाली घराबाहेर काढलेले लोक उभे राहिले. पुढं २०१५ साली संपलेल्या नूतनीकरणात त्या सभागृहाचं मेजवानीचं दालन झालं.

कोबोचं नाव मात्र जवळजवळ साठ वर्षं टिकलं. ते बदला, अशी मागणी होतीच. पण २०१९ साली पाटी हलली ती पैशानं. एका बँकेनं बावीस वर्षांच्या नावासाठी ३ कोटी ३० लाख डॉलर कबूल केले. बँका एकमेकींत मिसळल्या, तशा पाट्याही बदलल्या. २०२१ पासून हंटिंग्टन प्लेस, हेही बँकेचंच नाव.

पाटी उतरली. ब्लॅक बॉटमची घरं काही परत आली नाहीत. तेव्हा मोठ्या इमारतीवरचं नाव वाचलं की आपण एवढं तरी विचारायचं : ह्या माणसानं कुणाची घरं पाडली?