प्राणिसंग्रहालय तिकिटावर चालतं का? जर्सी बेटावरची एक जुनी गोष्ट

महाराजबागेवर काही लिहिलं की खाली एक कमेंट हमखास येते. "तोट्यात आहे ना, मग बंद करा आणि जनावरं गोरेवाड्याला देऊन टाका." २०१८ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने महाराजबागेची मान्यता रद्द केली तेव्हा तर अशा कमेंटचा पूर आला होता. पुढे अपील झालं, बाग सुरू राहिली, आणि विषय थंड पडला. पण "तोटा" या शब्दाचं काय करायचं, ते कोणी बोलत नाही. १८९४ पासूनचं प्राणिसंग्रहालय, कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत, बर्डीच्या शेजारी मोक्याच्या जागेवर. हिशेबाच्या वहीत ते कायम नुकसानीतच दिसणार.

म्हणून आज जरा लांबची गोष्ट सांगतो. जगात ज्याचं नाव आदराने घेतात असं एक छोटं प्राणिसंग्रहालय सुरू झाल्यावर चार वर्षांतच बुडायला आलं होतं. ते कसं टिकलं, ते आपल्या कामाचं आहे.

जेराल्ड डरेल हा माणूस तसा आपल्याकडचाच म्हणायचा. जन्म जमशेदपूरचा, ७ जानेवारी १९२५. वडील इंजिनिअर होते, १९२८ मध्ये वारले आणि कुटुंब इंग्लंडला गेलं. हा मोठा होऊन आफ्रिका, दक्षिण अमेरिकेतून जनावरं आणून इंग्लंडच्या प्राणिसंग्रहालयांना द्यायचा. वडिलोपार्जित तीन हजार पौंड त्याच पायी संपले. मग बायको जॅकीने मागे लागून त्याला पुस्तकं लिहायला लावलं, आणि घर पुस्तकांवर चालायला लागलं.

१९५७ मध्ये तो कॅमेरूनमधून जनावरं घेऊन आला ती विकण्यासाठी नव्हे, स्वतःच्या प्राणिसंग्रहालयासाठी. गंमत अशी की प्राणिसंग्रहालयच नव्हतं! जनावरं बोर्नमथला बहिणीच्या घरामागच्या बागेत ठेवली. शेजाऱ्यांचं काय झालं असेल, विचार करा. बोर्नमथच्या नगरपालिकेला विचारलं, शेजारच्या पूलच्या नगरपालिकेला विचारलं. बैठका झाल्या, अटी आल्या, आक्षेप आले, जागा काही मिळाली नाही. (इथे नागपूरकरांना वेगळं काही सांगायला नको.)

शेवटी जर्सी बेटावर एक जुना दगडी वाडा भाड्याने मिळाला. हे बेट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ, स्वतःचा कारभार स्वतः पाहणारं. भांडवलासाठी वीस हजार पौंडांचं कर्ज काढलं. तेव्हाच्या दराने अडीच लाख रुपयांच्या वर होतात. जामीन राहिला त्याचा प्रकाशक, रुपर्ट हार्ट-डेव्हिस. २६ मार्च १९५९ ला दारं उघडली.

आता खरा मुद्दा. जर्सी हे उन्हाळ्यात सहलीला जायचं बेट. उन्हाळ्यात गर्दी, तिकीट खिडकीवर पैसे. हिवाळ्यात कोणी फिरकत नाही. पण जनावर हिवाळ्यातही खातं, उलट थंडीत पिंजरे गरम ठेवायचा खर्च वाढतो. कारखाना तोट्यात गेला तर एक पाळी बंद करता येते. इथे माकडाला "दोन महिने जेवू नको" असं सांगता येत नाही. उत्पन्न हंगामी आणि खर्च बारमाही, हे गणित जगातल्या प्रत्येक प्राणिसंग्रहालयाचं आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आपल्याकडेही तेच दिसलं. गेट बंद, खाद्य चालू.

डरेल स्वतः पगार घेत नव्हता. पुस्तकांचे पैसे येत त्यावर त्याचं घर चाले. गोरिलाचं एक पिल्लू बाराशे पौंडांना मिळत होतं तेव्हा त्याने बेटावरच्या श्रीमंतांना एकेक करून फोन लावले आणि गोरिलाचा थोडा थोडा वाटा "विकला". वर्गणीच ती, गणपतीची काढतो तशीच. एन्पोंगो आली. पण रोजचा खर्च असा फोनवर भागत नाही. देखरेख दुसऱ्यावर सोपवून हा लिहायला आणि मोहिमांवर जात होता, तोवर कर्ज तसंच आणि हातात काही नाही. १९६२-६३ च्या सुमारास दिवाळं निघायची वेळ आली.

तेव्हा त्याने दोन गोष्टी केल्या. पहिली, कारभार स्वतःच्या हातात घेतला आणि काटकसर लावली. कॅथा वेलर नावाच्या सेक्रेटरी बाईंनी हिशेब धरला, तो घट्ट धरला. काटकसर सगळेच करतात, त्यावर फार लिहीत नाही.

दुसरी मोठी. जुलै १९६३ मध्ये त्याने प्राणिसंग्रहालय एका ट्रस्टच्या हवाली केलं. चिन्ह घेतलं डोडोचं, मॉरिशसमधला नाहीसा झालेला पक्षी. ट्रस्टला सभासद, त्यांची वार्षिक वर्गणी. म्हणजे हिवाळ्यात गेट रिकामं असलं तरी काहीतरी येत राहणार. आणि वीस हजारांचं कर्ज? ते ट्रस्टच्या डोक्यावर न ठेवता त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतलं. पुस्तकं लिहून फेडायचं ठरवलं. माझ्या मते संस्था वाचली ती इथे. जुन्या कर्जाच्या व्याजासाठी कोण वर्गणी देईल? पाटी कोरी होती म्हणून लोक आले. १९७१ मध्ये ट्रस्टने तो वाडाच विकत घेतला.

टिकलं म्हणून पुढे काय झालं तेही बघा. १९७४ मध्ये मॉरिशसमध्ये तिथला केस्ट्रेल, म्हणजे लहान ससाणा, फक्त चार उरल्याची नोंद होती. तिथली गुलाबी कबुतरंही संपत आली होती. ती जर्सीला आणून वाढवली. दोन्ही पक्षी आज रानात आहेत. आणि आपल्या देशातलं उदाहरण आसामचं. पिग्मी हॉग, रानडुकराचा जेमतेम गुडघ्याखाली येणारा भाऊ. १९९६ मध्ये मानसच्या गवताळ रानातून सहा जनावरं धरून गुवाहाटीजवळ बसिष्ठ इथे त्यांची पैदास सुरू केली. जर्सीचा ट्रस्ट, आसामचं वनखातं आणि इतर संस्था मिळून हे चालवतात. २००८ पासून ती रानात सोडताहेत. डरेल १९९५ मध्येच गेला, त्याला हे बघायला मिळालं नाही.

कोणी म्हणेल, जर्सीचं ठीक आहे, तिथे नावाजलेला लेखक होता. बरोबर आहे, आपल्याकडे डरेल नाही. पण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात प्राणी दत्तक घ्यायची योजना आहे, म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात आहे. वर्षाची रक्कम भरा, त्या जनावराच्या खाद्याला हातभार लागतो. याला लेखक लागत नाही. हिशेब उघडा लागतो, कारण पैसा कुठे जातो ते दिसल्याशिवाय कोणी खिशात हात घालत नाही.

तर मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतोय, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून. तीनच प्रश्न आहेत. महाराजबागेचं गेल्या पाच वर्षांचं तिकिटाचं उत्पन्न किती, खाद्य आणि औषधांचा खर्च किती, आणि देणगी किंवा दत्तक रक्कम घ्यायला वेगळं खातं आहे का. नियमाने तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की जसंच्या तसं इथे टाकतो. अजून एखादा प्रश्न जोडायचा असेल तर रविवारपर्यंत खाली लिहा.