तारीख हीच आवृत्ती: आर्च लिनक्स आणि अर्धवट अपडेट

आज आपण अशा एका प्रणालीकडे वळतो आहोत, जिला आवृत्ती क्रमांकच नाही. आणि सुरुवात एका बिघाडापासून करू.

2022 च्या नोव्हेंबरात आर्च लिनक्सने ओपनएसएसएलची 1.1 मालिका सोडून 3.0 घेतली. बहुतेकांच्या मशीनवर काहीच झालं नाही. काहींच्या मात्र पॅकमॅनच सुरू होईना. पॅकमॅन म्हणजे आर्चवर पॅकेजं बसवणारं, काढणारं साधन. लिबक्रिप्टोची 1.1 क्रमांकाची फाइल सापडत नाही, एवढं सांगून ते बंद पडे. म्हणजे माणूस विहिरीत पडलाय आणि वर काढायचा दोरही विहिरीतच! हे असं का झालं, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

पूर्वी प्रत्येक प्रोग्राम आपल्याला लागणारा सगळा कोड पोटात घेऊन फिरायचा. 1980 च्या दशकाच्या अखेरीस सनओएससारख्या युनिक्स प्रणालींनी शेअर्ड लायब्ररी रुळवली. कोड एकदाच डिस्कवर, आणि वापरणारे अनेक. डिस्क वाचली, मेमरी वाचली. पण सामायिक वस्तू आली की सामायिक भांडणही आलंच. लायब्ररीची रचना बदलली तर जुन्या प्रोग्रामांचं काय? त्यावर उपाय म्हणजे फाइलच्या नावातला क्रमांक. जुन्याशी न जुळणारा बदल झाला की क्रमांक बदलायचा. प्रोग्राम आपल्याला हवा तोच क्रमांक मागतो आणि तो मिळाला नाही तर सुरूच होत नाही. चुकीच्या कोडवर चालून फायली खराब करण्यापेक्षा हे बरंच म्हणायचं.

डेबियनने हा क्रमांक पॅकेजच्या नावातच घातला. लिबएसएसएल 1.1 आणि लिबएसएसएल 3 ही तिथे दोन वेगळी पॅकेजं, एकाच घरात शेजारी राहू शकतात. सोय मोठी, पण सांभाळायचा व्याप तेवढाच मोठा.

कॅनडातल्या जड व्हिनेट यांनी मार्च 2002 मध्ये आर्चची पहिली आवृत्ती काढली, ती क्रक्स या छोट्या डिस्ट्रोच्या साधेपणाने प्रभावित होऊन. तो साधेपणा पुढेही टिकला. एका लायब्ररीचं सहसा एकच पॅकेज, आणि रिपॉझिटरीत त्याची एकच, ताजी आवृत्ती. लायब्ररीचा क्रमांक बदलला की तिच्यावर अवलंबून असलेली सगळी पॅकेजं आर्चची मंडळी नव्याने बांधतात आणि एकदमच रिपॉझिटरीत सोडतात. म्हणजे आवृत्ती नाही असं आपण म्हणतो खरं, पण आवृत्ती आहे. ती म्हणजे त्या दिवशीची अख्खी रिपॉझिटरी. तारीख हीच आवृत्ती.

आता अर्धवट अपडेट म्हणजे काय, तर दोन तारखा एकाच मशीनवर आणणं. कोणी फक्त ओपनएसएसएल नवं घेतलं; 1.1 ची फाइल गेली आणि ती मागणारा पॅकमॅन जुनाच राहिला. उलटंही होतं. नवा प्रोग्राम एकटाच घेतला, तर तो 3 क्रमांक मागतो आणि मशीनवर अजून 1.1 असतं. पॅकमॅनने हे अडवायला नको होतं का? अडचण अशी, की बऱ्याच पॅकेजांत ‘ओपनएसएसएल हवं’ एवढंच लिहिलेलं असतं, कुठलं ते नाही. आता काही पॅकेजं फाइलचा क्रमांकही नोंदवतात, पण सगळी नाही.

मुद्दाम असं करणारे थोडेच. बाकीच्यांच्या हातून ते नकळत होतं. किती अपडेट आल्यात ते बघू म्हणून पॅकमॅनची यादी तेवढी ताजी करायची, अपडेट मात्र करायचं नाही. संध्याकाळी एखादं छोटं पॅकेज बसवायचं. यादी आजची, मशीन गेल्या महिन्याचं! डेटा वाचवायला म्हणूनही हे केलं जातं. नुसती संख्या बघायची तर त्यासाठी चेकअपडेट्स नावाची वेगळी स्क्रिप्ट आहे. ती तात्पुरती यादी उतरवते, खऱ्या यादीला हात लावत नाही. एखादं पॅकेज अपडेटमधून वगळून ठेवण्याची सोय पॅकमॅनमध्ये आहे, तिनेही महिनोन्‌महिने हाच घोळ साठत जातो.

आर्चची अधिकृत भूमिका रोखठोक वाटते: अर्धवट अपडेटला आधार नाही. आम्हाला ती कठोर वाटत नाही. दोन तारखांच्या सगळ्या जोड्या तपासायच्या तर स्वयंसेवकांना जन्म पुरणार नाही.

उलट दिशेचा रस्ता मात्र खुला आहे. आर्च लिनक्स आर्काइव्हमध्ये रोजच्या रिपॉझिटरीची प्रत तारखेनुसार ठेवलेली असते. ती तारीख पॅकमॅनला दिली की अख्खं मशीन त्या दिवशी जाऊन बसतं, सगळी पॅकेजं एकत्र. आणि पॅकमॅनच बंद पडला असेल तर? इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, आतली डिस्क जोडायची आणि पेनड्राइव्हवरच्या पॅकमॅनने तिचं अपडेट करायचं. पूर्ण अपडेट. तिथेही एकटं ओपनएसएसएल घेऊन भागत नाही.