झडती आणि दाद



ह्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार मोठा नाहीं. मी मॅट्रिक झालों, मास्तर झालों, आणि पुष्कळ वर्षें मुलांना इतिहास शिकवून आतां नवी मुंबईंत घरीं बसलों आहें. आमच्या गच्चीवरून पूर्वी उलव्याची टेकडी दिसे. ती टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळविला गेला, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून त्या जागेवरून विमानें उडूं लागलीं. ज्यांचा विमानाशीं कधीं संबंध आला नव्हता असे शेजारीपाजारीही आतां विमानप्रवासाच्या गोष्टी सांगतात. त्या गोष्टींत एक गाऱ्हाणें हटकून असतें. तें विमानाचें नसून विमानांत चढण्यापूर्वींच्या झडतीचें असतें. कोठेंही गेलें तरी तक्रार एकच. कोणाचा पट्टा काढविला, कोणाच्या पिशवींतला लोणच्याचा डबा ओढून काढला, कोणा वृद्धास अरेतुरे केलें.

माझ्या घरचाच अनुभव सांगतों. पत्नीच्या गुडघ्यांत शस्त्रक्रिया करून बसविलेला धातूचा सांधा आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका विमानतळावर (नांव सांगत नाहीं) तपासणीचें यंत्र वाजलें. डॉक्टरांचा कागद जवळ होता; तो कोणीं पाहिला नाहीं. पडद्याआड न्यावें अशी विनंती केली. ती कोणीं ऐकली नाहीं. रांगेंतल्या माणसांदेखत तिला साडी गुडघ्यापर्यंत वर घ्यावयास लावलें, आणि तपासणारी बाई शेजारणीकडे पाहून हसली. घरीं येईपर्यंत ती बोलली नाहीं. मग म्हणाली, "झडती घेतली त्याचें कांहीं नाहीं हो. ती हसली."

तेव्हां मला १८९७ सालचें पुणें आठवलें. आपल्या महाराष्ट्रांत झडतीवरून लोकांचें मन एवढें क्षुब्ध झालेलें दुसरें साल मला ठाऊक नाहीं.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर अकासियो व्हिएगस ह्यांनीं गांठीचा रोगी ओळखला. हे डॉक्टर मूळचे गोव्याचे. थोड्याच महिन्यांत मुंबई रिकामी होऊं लागली. लाखों माणसें बोचकीं बांधून आगगाडीनें, गलबतानें, पायीं आपापल्या गांवाकडे निघालीं. त्यांच्याबरोबर रोगही निघाला. तो अडविण्यासाठीं सरकारनें कल्याणसारख्या स्थानकांवर गाड्या थांबवून उतारूंस खालीं उतरविण्यास आरंभ केला. गांठ जांघेंत किंवा काखेंत येते. म्हणून तपासणाराचा हात तेथें जाई. फलाट उघडा, डॉक्टर पुरुष, आणि रांगेंत लेकी-सुना उभ्या! ह्याविषयीं वर्तमानपत्रांतून ओरड झाली, आणि पुढें कांहीं ठिकाणीं स्त्री-डॉक्टर नेमण्यांत आल्या. परंतु पहिल्या आठवड्यांत जें घडलें तें लोक विसरले नाहींत.

ह्या तपासणीस आधार पाहिजे म्हणून ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. कायदा अवघ्या चार कलमांचा. दुसऱ्या कलमानें आगगाडीच्या उतारूंस तपासण्याचा व संशयितांस अलग ठेवण्याचा अधिकार दिला. तिसऱ्यानें हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा सांगितली. चौथ्यानें सांगितलें कीं, ह्या कायद्याखालीं सद्भावनेनें केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा अगर फिर्याद चालणार नाहीं. अधिकार, शिक्षा आणि अधिकाऱ्यास अभय ह्या तिन्ही गोष्टी आल्या. तपासल्या जाणाऱ्या माणसानें दाद कोठें मागावी, ह्याबद्दल एक अक्षर नाहीं. हाच कायदा २०२० सालीं करोनाच्या साथींत पुन्हां कपाटांतून बाहेर काढला गेला, हें आपणां सर्वांस स्मरत असेल. चौथें कलम जसेंच्या तसें आहे.

पुण्यास प्लेग-कमिटीचे अध्यक्ष म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड आले. हे पूर्वी साताऱ्यास असिस्टंट कलेक्टर होते. त्यांच्या जोडीला मेजर पॅजेट आणि गोरे व देशी मिळून ८९३ अधिकारी व शिपाई देण्यांत आले. १३ मार्चपासून १९ मेपर्यंत घरोघर झडत्या झाल्या. गल्लीचीं दोन्ही तोंडें अडवावयाचीं, मग तुकडीनें घरांत शिरावयाचें, रोगी अगर रोग्यासारखा दिसणारा माणूस सांपडला कीं त्याला इस्पितळांत आणि घरच्या माणसांना छावणींत न्यावयाचें, असा क्रम होता. तुकडीबरोबर एखादा हिंदी गृहस्थ ठेवण्याची योजना होती, हें खरें. पण तो एकटा कोठें कोठें पुरणार! सोजिराला मराठी येत नव्हतें, घरधन्याला इंग्रजी येत नव्हतें. सोंवळ्याच्या स्वयंपाकघरांत बूट गेले, देवघरांत हात गेले, सामान रस्त्यावर आलें, कांहीं जाळलें गेलें, कांहीं नाहींसें झालें. आणि स्त्रियांस बाहेर बोलावून त्यांचीं अंगें तपासलीं गेलीं, ही तक्रार तर गल्लोगल्लीं होती.

लोक अडाणी होते, त्यांना औषधपाणीच नको होतें, असें इंग्रज लेखकांनीं पुष्कळदां लिहिलें आहे. त्यांत सत्याचा अंश आहे. रोगी लपविले जात, हें कबूल केलें पाहिजे. माळ्यावर लपविलेल्या माणसापासून सगळ्या आळीला धोका असे. पण त्याच पुण्याच्या शेजारीं सावित्रीबाई फुले व त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत रोग्यांची शुश्रूषा करीत होतीं, आणि ती करतां करतां १० मार्च रोजीं, म्हणजे झडत्या सुरू होण्याच्या तीनच दिवस आधीं, सावित्रीबाई प्लेगनें वारल्या. त्यांच्याकडे रोगी नेण्यासाठीं सोजीर लागले नव्हते. टिळकही गांव सोडून गेले नाहींत. हिंदूंसाठीं स्वतंत्र इस्पितळ काढण्याच्या खटपटींत ते होते. उपाय नकोत असें त्यांचें म्हणणें नव्हतें. उपाय करणाऱ्याला जाब विचारणारा कोणी असावा, एवढेंच होतें.

आतां तक्रारींचें काय झालें तें पाहूं, कारण माझ्या मतें सगळें मर्म तेथें आहे. रँड ह्यांनीं आपल्या कामाचा जो अहवाल लिहिला, त्यांत शिपायांवर कडक नजर ठेवली होती असें सांगून ते समाधानानें नमूद करतात कीं, स्त्रीच्या मर्यादेचा हेतुपुरस्सर भंग झाल्याची एकही विश्वसनीय तक्रार कमिटीकडे किंवा त्या शिपायांच्या अधिकाऱ्यांकडे आली नाहीं. हें वाक्य मी अनेकदां वाचलें आहे. रँड खोटें लिहीत होते असें मला वाटत नाहीं. पण तक्रार कोणाकडे करावयाची होती? ज्यांनीं झडती घेतली त्यांच्याकडेच. आणि १८९७ सालीं कोणती कुलीन स्त्री, अगर कोणता बाप वा नवरा, गोऱ्या साहेबासमोर उभा राहून आपल्या घरांत काय घडलें तें शपथेवर सांगणार होता? तक्रार केली तर अब्रू जाई. न केली तर अहवालांत 'तक्रार नाहीं' असें लिहिलें जाई.

पंडिता रमाबाईंवर जुन्या पुण्याचा मुळींच लोभ नव्हता. तरी त्यांनीं मे महिन्यांत 'बॉम्बे गार्डियन' पत्रांत लिहून प्लेगच्या इस्पितळांत स्त्रियांची काय दशा होते तें मांडलें. सरकारनें तें मान्य केलें नाहीं. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हां वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं विलायतेंत होते, वय एकतीस. पुण्याहून मित्रांचीं पत्रें येत होतीं. त्यांवर विसंबून त्यांनीं 'मँचेस्टर गार्डियन' पत्रास सांगितलें कीं, शिपायांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याचें ऐकिवांत आहे. परत आल्यावर सरकारनें पुरावा मागितला. ज्यांनीं पत्रें लिहिलीं होतीं ते पुढें येईनात, आणि त्यांचीं नांवें उघड करणें गोखल्यांना शक्य नव्हतें. ऑगस्टांत त्यांनीं बिनशर्त माफी मागितली. इंग्रज म्हणाले, हा खोटें बोलला. आपल्यांतले कित्येक म्हणाले, हा भ्याला. दोन्ही बाजूंनीं त्या तरुणावर दगड आले. मी मात्र ह्या माफीकडे निराळ्या दृष्टीनें पाहतों. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचें तोंड अब्रूच्या भयानें बंद, आणि जो त्यांच्या वतीनें बोलला त्याच्याकडे पुराव्याची मागणी. अशा स्थितींत सत्य काय होतें तें कळण्याचा मार्गच उरत नाहीं.

तोंवर व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. २२ जून १८९७ च्या रात्रीं, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाहून परततांना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागींच ठार झाले. त्यांचा झडत्यांशीं संबंधही नव्हता. रँड ३ जुलैस वारले. दामोदर हरि चापेकर १८ एप्रिल १८९८ रोजीं फांसावर गेले, पुढल्या वर्षीं त्यांचे दोन भाऊ व महादेव विनायक रानडे गेले. टिळकांस 'केसरी'तील लेखांबद्दल अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. हा भाग शाळेंतल्या पोरालाही पाठ असतो. 'रँडचा खून केव्हां झाला?' हा एका गुणाचा प्रश्न मीं स्वतः कितीदां घातला असेल! 'रँडकडे तक्रार कोणीं केली, व तिचें काय झालें?' हा प्रश्न मला एकदांही सुचला नाहीं.

मुंबईंतही ९ मार्च १८९८ रोजीं मदनपुऱ्यांत एका आजारी मुलीस नेण्यासाठीं आलेल्या तुकडीवरून विणकरांचा दंगा पेटला. त्यानंतर सरकारचा हात हळूहळू सैल झाला. दैवगति अशी कीं, त्याच १८९८ सालीं पॉल-लुई सिमों ह्या फ्रेंच डॉक्टरानें कराचीस दाखविलें कीं, हा रोग उंदरांच्या पिसवा पसरवितात. म्हणजे हजारों काखा तपासल्या गेल्या तेव्हां पिसू बोचक्यांतून खुशाल प्रवास करीत होती!

विमानतळावरच्या झडतीची गोष्ट अशी नाहीं. तिचें कारण खरें आहे. २३ जून १९८५ रोजीं 'कनिष्क' विमान बाँबनें आकाशांत फुटलें व ३२९ माणसें मेलीं. १९९९ च्या डिसेंबरांत काठमांडूहून निघालेलें विमान कंदाहारास पळविलें गेलें. त्यानंतर २००० सालापासून जयपुरास आरंभ करून एकेक विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या हवालीं झाला. रोज सहस्रावधि माणसें ह्या लोकांच्या हाताखालून जातात. त्यांतले बहुतेक आपलें काम मुकाट्यानें व नीट करतात, हें मीं पाहिलें आहे. स्त्रीची झडती स्त्रीनेंच आणि मर्यादा राखून घ्यावी, हा दंडक तर १८९८ च्या फौजदारी संहितेंतही लिहिलेला होता व आजच्या कायद्यांतही आहे.

फरक पडला आहे तो दाद मागण्यांत. पण किती, हें पाहण्यासारखें आहे. २०२१ च्या ऑक्टोबरांत नर्तकी सुधा चंद्रन् ह्यांनीं, विमानतळावर दर वेळीं आपला कृत्रिम पाय काढावयास लावतात, असें चित्रफितीवरून थेट पंतप्रधानांस सांगितलें. सुरक्षा दलानें लागलीच जाहीर माफी मागितली. त्याच डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, अशा प्रवाशांस कृत्रिम अवयव काढावयास लावूं नये. गोखल्यांच्या काळीं तक्रार करणाऱ्यानें माफी मागितली. येथें ज्याच्यावर तक्रार त्यानें मागितली. एकशेंचोवीस वर्षांत हें अंतर आपण कापलें, आणि तें लहान नाहीं. परंतु सुधा चंद्रन् ह्यांचें नांव देश ओळखतो.

माझ्या पत्नीचें नांव कोणी ओळखत नाहीं. त्या प्रसंगानंतर मीं रीतसर लेखी तक्रार केली. दिनांक, वेळ, रांगेचा क्रमांक, सारें लिहिलें. सुमारें महिन्यानें दोन ओळींचें उत्तर आलें. संबंधित कर्मचाऱ्यांकडे चौकशी केली असतां तक्रारींत तथ्य आढळून आलें नाहीं, सबब प्रकरण बंद करण्यांत येत आहे. पत्नीनें तें चष्मा लावून दोनदां वाचलें. मला म्हणाली, "अहो, मला कोणीं कांहीं विचारलेंच नाहीं कीं!"